नारा सावकाश: जपानच्या जुन्या राजधानीत दोन दिवस कसे घालवावेत

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या जपानच्या ग्रुप टूरमध्ये नाराच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन-अडीच तास येतात. क्योतोहून ओसाकाला जाताना बस वाटेत थांबते, हरणांना बिस्किटं चारून होतात, महाबुद्धाबरोबर फोटो होतो आणि 'चला, चला' करत मंडळी पुन्हा बसमध्ये. स्वतः आखणी करून जाणारेही फारसं वेगळं करत नाहीत. सकाळी दहाला येतात, दुपारी चारला परततात.

माझं म्हणणं असं, की नाराला किमान एक रात्र राहा, जमलं तर दोन. दहा ते चार या वेळात भेटते ती गर्दी. सकाळी साडेसात-आठला आणि संध्याकाळी पाचनंतर तेच गाव इतकं निवांत होतं, की दुपारी आपण इथेच होतो का असं वाटावं. मुक्कामाचं दुसरंही एक कारण आहे. इथल्या मंदिरांमधल्या मूर्ती गरुड, गंधर्व, असुर, इंद्र, ब्रह्मा अशा आहेत. आपल्याला त्यांची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही, पण त्यांच्यासमोर थांबायला वेळ लागतो.

आधी थोडा इतिहास

इ.स. ७१० मध्ये सम्राज्ञी गेन्मेइने राजधानी इथे आणली. नाव हेइजो-क्यो, आणि आखणी चीनच्या चांगआन शहरासारखी: सरळ रस्ते, चौकोनी पेठा, उत्तरेला राजवाडा. मधली काही वर्षं सोडली तर ७८४ पर्यंत राजधानी इथेच होती. नंतर ती हलली, ७९४ मध्ये आजच्या क्योतोला स्थिरावली, आणि नारा मागे राहिलं ते मंदिरांचं गाव म्हणून.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. जुन्या राजधानीचं केंद्र आजच्या गावाच्या पश्चिमेला होतं. आपण ज्याला नारा म्हणून फिरतो तो त्या शहराचा पूर्वेकडचा, डोंगराला टेकलेला भाग. म्हणून पाहण्याच्या जागांचे सरळ तीन गट पडतात: पूर्वेला नारा पार्क आणि त्याभोवतीची मंदिरं, पश्चिमेला निशिनोक्यो आणि राजवाड्याची जागा, आणि नैऋत्येला, रेल्वेने गाठायचं होर्युजी मंदिर. एका दिवसात दोन गट कसेबसे होतात. तिन्ही करायला गेलात तर पायांचे तुकडे पडतील आणि डोक्यात सगळ्या मंदिरांचा काला होईल.

कधी जावं

आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या धरून सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर २९ एप्रिल ते ५ मे हा जपानमधल्या सलग सुट्ट्यांचा आठवडा टाळा. हॉटेलं महाग होतात आणि गाड्या भरून वाहतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवा छान असते. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा. नंतरचा उन्हाळा मुंबईकरालाही घाम फोडतो, त्यामुळे 'जपान म्हणजे थंड' असं समजून पूर्ण बाह्यांचे कपडे भरू नका.

दिवाळीची सुट्टी मात्र नारासाठी नामी. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात नारा राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइनचं प्रदर्शन भरतं. शोसोइन म्हणजे तोदाइजी या महाबुद्धाच्या मंदिरामागचं लाकडी कोठार. सम्राट शोमूच्या वापरातल्या वस्तू त्याच्या पश्चात राणीने ७५६ मध्ये महाबुद्धाला अर्पण केल्या, त्यांपासून हा साठा सुरू झाला. आज तिथे सुमारे ९००० वस्तू आहेत. इराणी धाटणीची काचेची भांडी आहेत, आणि मूळ भारतीय मानली जाणारी पाच तारांची वीणाही आहे. दरवर्षी त्यातल्या मोजक्याच वस्तू बाहेर काढतात, बाकीच्या पुन्हा कुलपात. तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि आधीच काढावी लागतात, दारात जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून पानंही लाल व्हायला लागतात.

थंडीत यायची तयारी असेल तर दोन तारखा नोंदवून ठेवा. जानेवारीच्या चौथ्या शनिवारी वाकाकुसा डोंगराचं सगळं वाळलेलं गवत पेटवतात. आणि १ ते १४ मार्च निगात्सुदो या टेकडीवरच्या मंदिराचा विधी असतो. त्याबद्दल पुढे.

पोहोचणं आणि मुक्काम

जवळचा विमानतळ ओसाकाचा कान्साइ. तिथून नाराला थेट बस आहे, दीड तासाच्या आसपास लागतो. ओसाका किंवा क्योतोहून येत असाल तर दोन रेल्वे आहेत: जेआर (जपान रेल्वे) आणि खासगी किंतेत्सु. जेआरचा पास घेतलेला असेल तर आपण आपोआप जेआरकडे वळतो, पण किंतेत्सु-नारा स्टेशन गावाच्या पोटात आहे आणि जेआर-नारा तिथून पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेला. ओसाकाच्या नाम्बाहून किंतेत्सुने चाळीस मिनिटं, क्योतोहून पाऊण तास, भाडं दोन्हीकडून सातशे येनच्या आसपास. एवढ्यासाठी पासचा हट्ट धरू नये. शिवाय किंतेत्सुची ओसाका-नारा गाडी चक्क जुन्या राजवाड्याच्या पटांगणातून धावते. यामातो-साइदाइजी स्टेशन गेलं की खिडकीला डोळे लावा, मोकळ्या माळावर लाल खांबांचा सुझाकुमोन दरवाजा दिसतो.

राहायला किंतेत्सु स्टेशनच्या आसपास किंवा नारामाची या जुन्या पेठेत जागा बघा. दोन्हीकडून सगळं चालत होतं. चेक-इन दुपारी तीनच्या आधी सहसा मिळत नाही, तेव्हा सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, नाहीतर स्टेशनवरच्या लॉकरमध्ये. किंतेत्सु स्टेशनबाहेर कारंज्यावर एका भिक्षूचा पुतळा आहे, तो ग्योकी. आठव्या शतकात पूल आणि तलाव बांधत, लोकांत मिसळत हिंडलेला हा माणूस, महाबुद्धासाठी वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. गटाने आला असाल आणि पांगलात, तर भेटायची जागा म्हणून हाच पुतळा ठरवून ठेवा. गावातले लोकही तेच करतात.

पहिली दुपार: कोफुकुजी आणि असुर

दुपारी पोहोचलात तर लगेच हरणांकडे धावू नका, त्या वेळी तिथे सगळे आहेत. हिगाशिमुकीच्या छपराखालच्या बाजारातून सान्जो रस्त्यावर या. तिथेच नाकातानिदो हे मोचीचं दुकान आहे, गर्दीवरूनच ओळखू येईल. लाकडी उखळात वाफवलेला चिकट भात आणि योमोगीचा हिरवा पाला. एक जण मोगरी हाणतो, आणि दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात हात घालून गोळा उलटवतो. दोघं ओरडून ताल धरतात, आणि तो ताल वाढत वाढत इतका जलद होतो की बघणारे श्वास धरून उभे राहतात. कांडणं संपलं की गोळ्यात लाल घेवड्याचं गोड पुरण भरून, सोयाबीनच्या भाजलेल्या पिठात घोळवून हातात देतात. गरम असतानाच खा.

पुढे सारुसावा तळं, आणि पायऱ्या चढून कोफुकुजी. हे फुजिवारा या त्या काळच्या बलाढ्य घराण्याचं मंदिर. इथला ५० मीटर उंचीचा पाच मजली पॅगोडा १४२६ मधला आहे, पण सध्या दुरुस्तीसाठी पूर्ण झाकलेला आहे आणि ते काम आणखी काही वर्षं चालेल. त्यामुळे पोस्टकार्डावरचं दृश्य मिळणार नाही. त्याने बिघडत काही नाही. खरी दौलत शेजारच्या संग्रहालयात आहे. कोकुहोकान म्हणतात त्याला. पाचला बंद होतं, म्हणून साडेतीनच्या आत शिरा.

आत बुद्धाचे आठ रक्षक आहेत: चोचवाला गरुड, डोक्यावर सिंहाचं कातडं घेतलेला गंधर्व, एक शिंग असलेला किन्नर, गळ्यात नाग गुंडाळलेला पोरगेल्या चेहऱ्याचा सागर. आणि सगळ्यांचं लक्ष खेचून घेणारा असुर. तीन मुखं, सहा हात, उंची दीड मीटर, काल ७३४. आपल्या डोक्यातला असुर म्हणजे सुळे आणि डरकाळी. हा एक सडपातळ मुलगा आहे. समोरच्या चेहऱ्यावर भुवया किंचित आक्रसलेल्या, रडू आणि राग यांच्या मधोमध कुठेतरी. बाजूचा एक चेहरा खालचा ओठ दातांत धरून उभा आहे. एका बाजूने बघायला सुरुवात करा आणि हळूहळू समोर या, राग निवत जाताना दिसतो.

ही मूर्ती टिकली कशी, तेही बघण्यासारखं आहे. मातीच्या गाभ्यावर लाखेत भिजवलेलं कापड थरावर थर चढवायचं आणि सुकल्यावर आतली माती काढून टाकायची, अशी ती घडवली. त्यामुळे ती आतून पोकळ आहे आणि वजनाला अगदी हलकी. कोफुकुजी पुन्हा पुन्हा जळलं, पण ही पोरं उचलून बाहेर काढता आली. इथे फोटोला बंदी आहे, ते बरंच आहे.

पहिली संध्याकाळ: निगात्सुदो

सूर्यास्ताच्या तासभर आधी तोदाइजीच्या दिशेने चालायला लागा. महाबुद्धाचं दार बंद होत आलेलं असेल, ते उद्यासाठी ठेवा. मोठ्या दालनाच्या पूर्वेकडून वर चढलात की टेकडीच्या कुशीत निगात्सुदो लागतं. लाकडी सज्जा पश्चिमेला उघडा आहे, तिकीट नाही, रात्रीही बंद होत नाही. खाली महाबुद्धाच्या दालनाचं छप्पर, त्यापलीकडे गाव, आणि इकोमा डोंगराआड जाणारा सूर्य. नारामधलं एकच दृश्य निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन.

मार्चमध्ये या सज्ज्याचं रूप पालटतं. ७५२ पासून एकही वर्ष न चुकता इथे शुनिए नावाचा विधी होतो. अकरा भिक्षू सगळ्या माणसांच्या वतीने चुकांची कबुली देतात. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास लांबलचक मशाली सज्ज्यावरून पळवत नेतात आणि ठिणग्यांचा पाऊस खालच्या गर्दीवर पडतो. अंगावर ठिणगी पडली तर वर्ष चांगलं जातं म्हणतात. फक्त सिंथेटिक जॅकेट घालून जाऊ नका. १२ मार्चची मशाल सगळ्यांत मोठी, आणि गर्दी इतकी की पोलीस लोकांना पुढे सरकवत राहतात. गर्दी नको असेल तर पहिल्या आठवड्यातला साधा वार निवडा.

उतरताना आल्या वाटेने न जाता मागच्या बाजूच्या दगडी उताराने जा. दोन्हीकडे मातीच्या भिंती, त्यांत थरांनी बसवलेली जुनी कौलं. जेवणाची सोय मात्र लवकर बघा. बरीच दुकानं सहाला बंद होतात आणि खानावळीही क्योतो-ओसाकाइतक्या उशिरापर्यंत चालत नाहीत.

दुसरी सकाळ: महाबुद्ध, गर्दीच्या आधी

एप्रिल ते ऑक्टोबर दालन साडेसातला उघडतं, बाकीचे महिने आठला. तिकीट ८०० येन. उघडायच्या वेळी पोहोचायचं, यात तडजोड नको.

वाटेत नंदाइमोन दरवाजा लागतो. ११८० च्या युद्धात तोदाइजी जळाल्यावर चोगेन नावाच्या भिक्षूने, वयाची साठी उलटलेली असताना, ते पुन्हा उभं करायचं काम अंगावर घेतलं. हा दरवाजा त्याच काळातला, ११९९ चा. दोन्ही बाजूंना साडेआठ मीटर उंचीचे द्वारपाल आहेत. १२०३ मध्ये उंकेइ, काइकेइ हे शिल्पकार आणि त्यांच्या चमूने ते ६९ दिवसांत घडवले. प्रत्येकात लाकडाचे सुमारे तीन हजार तुकडे जोडलेले आहेत. जाळीला नाक न लावता दोन पावलं मागे या आणि खालून वर बघा. डोकी मुद्दाम मोठी आणि पुढे झुकलेली केली आहेत, ती खालच्या माणसासाठी. बहुतेक लोक इथूनच पुढे निघून जातात. दरवाजा ओलांडल्यावर मागे वळा. मागच्या बाजूला चिनी कारागिरांनी घडवलेले दगडी सिंह आहेत.

आता महाबुद्ध. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने देश पोखरून काढला, त्यापाठोपाठ बंड झालं. सम्राट शोमूने ७४३ मध्ये वैरोचन बुद्धाची मूर्ती ओतायचं फर्मान काढलं आणि प्रजेला सांगितलं, की गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणायची इच्छा असेल तरी या. सुमारे पाचशे टन तांबं लागलं. ७५२ मध्ये नेत्रोन्मीलन झालं. ते केलं बोधिसेन या भारतीय भिक्षूने. चीनमार्गे तो ७३६ मध्ये जपानला आला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि तो दोर जमलेल्या लोकांनी धरला होता, डोळे रेखण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं म्हणून. तो कुंचला आणि तो निळा दोर आजही शोसोइनमध्ये आहेत.

मूर्ती १५ मीटर उंच आहे, पण सगळीच आठव्या शतकातली नाही. ८५५ च्या भूकंपात डोकं पडलं, ११८० आणि १५६७ च्या आगींत बरंच वितळलं. आजचं डोकं सतराव्या शतकाच्या अखेरचं. खालच्या कमळाच्या काही पाकळ्या मात्र मूळच्या आहेत आणि त्यांवर बारीक रेषांत विश्वाचं चित्र कोरलेलं आहे. मूर्तीजवळून ते नीट दिसत नाही, पण आतच पाकळीची प्रतिकृती ठेवली आहे, ती बघा. इमारतही १७०९ ची. मूळ दालन जवळपास ८६ मीटर रुंद होतं, पैशाअभावी ५७ वर आणलं. आत जुन्या दालनाचं मॉडेल आहे, त्यावरून अंदाज येतो.

प्रदक्षिणेच्या वाटेवर दोन लोकपाल उभे आहेत, विरूपाक्ष आणि वैश्रवण. उरलेल्या दोघांची नुसती डोकी ठेवलेली दिसतील. त्यांचे पुतळे कधी पुरेच झाले नाहीत. एका खांबाला खाली आरपार भोक आहे. महाबुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात, आणि त्यातून पलीकडे गेलं की पुण्य लागतं. मुलं सुळकन जातात. मोठ्यांनी आपापला घेर बघून ठरवावं. बाहेर, दाराच्या उजव्या हाताला लाल टोपी घातलेली लाकडी मूर्ती आहे, ती बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज याची. आपलं जे दुखतं ते त्याचं चोळायचं. गुडघे बघा किती गुळगुळीत झाले आहेत.

इथून वर होक्केदोला जा. तोदाइजीतली उभी असलेली ही सर्वांत जुनी इमारत. आत बसायला जागा आहे. आठव्या शतकातला अवलोकितेश्वर समोर, आजूबाजूला रक्षकांचा घोळका, आणि बहुतेक वेळा दालनात पाच-सहा माणसं. वेगळं तिकीट आहे म्हणून लोक टाळतात. तुम्ही टाळू नका.

हरणांशी वागण्याचे नियम

एव्हाना हरणं आली असतील. ही हरणं पाळलेली नाहीत. जवळच्या कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा असल्यामुळे त्यांना शतकानुशतकं कुणी हात लावला नाही, आणि १९५७ पासून कायद्याचंही संरक्षण आहे. बिस्किटांचा गठ्ठा २०० येनला मिळतो, त्यातला काही पैसा त्यांच्या देखभालीकडे जातो. तांदळाचा कोंडा आणि पीठ यांचीच ती असतात. आपल्याकडची पार्ले-जी काढू नका.

गठ्ठा हातात येताच फोडून पटापट वाटा. दाखवून, हुलकावणी देऊन फोटो काढत बसलात तर हरीण पार्श्वभागाला चावतं, आणि चूक त्याची नसते. संपल्यावर दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवा, ती निघून जातात. मान लववून नमस्कार करतात हे खरं, पण पुन्हा पुन्हा मान हलवणारं हरीण बरेचदा वैतागलेलं असतं. खिशातून डोकावणारा नकाशा, तिकीट, प्लास्टिकची पिशवी ती ओढून खातात. प्लास्टिक पोटात साचून हरणं मेली आहेत, म्हणून पार्कातले कचऱ्याचे डबे पूर्वीच काढून टाकले. आपला कचरा आपल्या बॅगेत. मे ते जुलै पिल्लांच्या जवळ जाऊ नये, आणि शरदात नरांपासून लांब राहावं. लहान मुलाच्या हाती गठ्ठा देऊन आपण व्हिडिओ काढायला मागे सरकणं हा सगळ्यांत वाईट बेत.

कासुगा ताइशा

वाकाकुसा डोंगराच्या पायथ्याने वीस-पंचवीस मिनिटं चाललात की कासुगा. हे शिंतो देवस्थान ७६८ चं, तेही फुजिवारांचंच. वाटेवर दुतर्फा शेवाळलेले दगडी दीपस्तंभ, आत गेल्यावर छपरांच्या पागोळ्यांखाली ब्राँझचे कंदील, मिळून सुमारे तीन हजार. सगळे एकदम पेटतात ते ३ फेब्रुवारीच्या सुमारास आणि १४-१५ ऑगस्टला. इतर दिवशी आलात तर आतल्या फुजिनामीनोया या अंधाऱ्या खोलीत पेटलेले कंदील बघून तहान भागवा. एप्रिलच्या शेवटी निळ्याजांभळ्या फुलांचे घोस इथे जमिनीला टेकतात.

मागच्या डोंगरावरच्या जंगलात ८४१ पासून तोड आणि शिकार बंद आहे. आपल्याकडच्या देवराया पाहिलेल्यांना इथे वेगळं काही सांगायला नको.

दुपार: नारामाची

जेवून जुन्या व्यापारी पेठेत या. लाकडी जाळ्यांची अरुंद पण खोल घरं, कोशि-नो-इए नावाचं एक घर आतून फुकट बघता येतं. दारांवर लाल कापडाची छोटी माकडं टांगलेली दिसतील. घरावरचं संकट ती आपल्या अंगावर घेतात, म्हणून घरात जेवढी माणसं तेवढी माकडं. गांगोजी मंदिराचं छप्परही बघा. त्यातली काही कौलं १४०० वर्षांपूर्वीची, आधीच्या राजधानीतल्या मंदिरावरून उतरवून आणलेली.

खरेदी करायचीच तर शाई घ्या. जपानमधली बहुतेक सगळी काडी-शाई नारामध्ये बनते. कोबाइएन हे दुकान १५७७ पासून चालू आहे. तेलाच्या दिव्यांची काजळी सरसात मळतात. सरस उन्हाळ्यात कुजतो म्हणून काम फक्त थंडीच्या महिन्यांत. काही ठिकाणी तो मऊ, काळा गोळा मुठीत दाबून आपल्या बोटांच्या ठशांची शाई करून देतात. आधी वेळ ठरवावी लागते. वाळायला काही महिने लागतात, त्यामुळे घरी आणल्यावर लगेच वापरू नका.

तिसरा दिवस: पश्चिम की होर्युजी?

दोन रात्री असतील तर इथे निवड करावी लागते. मी मराठी वाचकाला होर्युजीकडे ढकलेन, पण पश्चिमेचं आधी सांगतो.

किंतेत्सुने यामातो-साइदाइजीला गाडी बदलून निशिनोक्योला उतरा. स्टेशनला लागूनच याकुशिजी. त्याचा पूर्वेकडचा पॅगोडा ७३० चा. सहा मजली दिसतो, पण खरे मजले तीनच, मधली लहान छपरं फसवतात. समोरचा पश्चिम पॅगोडा १९८१ मध्ये नव्याने बांधलेला, लाल-हिरवा. जुनं लाकूड आणि नवा रंग शेजारी शेजारी. मुख्य बुद्धाच्या चौथऱ्यावर द्राक्षवेलींची नक्षी आहे, ती पश्चिमेकडून आशिया ओलांडत इथवर आली. मंदिराच्या उत्तरेकडच्या आवारात ह्युएन त्संगची अस्थी ठेवली आहे. हाच तो, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. याकुशिजीचा पंथ त्याच्याच परंपरेतला. ते दालन ठरावीक काळातच उघडतं.

दहा मिनिटं उत्तरेला तोशोदाइजी. गांजिन हा चिनी भिक्षू जपानला यायच्या प्रयत्नात पाच वेळा अपयशी ठरला, दृष्टी गेली, तरी सहाव्या खेपेला ७५३ मध्ये जपानला पोहोचला, आणि ७५९ मध्ये हे मंदिर स्थापन केलं. मागे झाडीत त्याची समाधी आहे, तिथवर जा.

होर्युजीसाठी जेआर-नाराहून बारा मिनिटांची गाडी आणि मग वीस मिनिटं चाल, किंवा बस. तिकीट २००० येन. महाग वाटेल, पण जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत. मुख्य दालनाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीची चित्रं होती. त्यांतले बोधिसत्त्व पाहून अभ्यासकांना अजिंठ्याचा पद्मपाणी आठवत असे, अजूनही आठवतो. २६ जानेवारी १९४९ ला, चित्रांच्या नकला करण्याचं काम चालू असताना, आग लागली आणि ती करपली. वरच्या बाजूच्या उडत्या अप्सरांच्या चौकटी दुरुस्तीसाठी आधीच काढून ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. या आगीनंतर १९५० मध्ये जपानने वारशाच्या जतनाचा कायदा केला आणि आजही २६ जानेवारीला देशभर मंदिरांमध्ये आग विझवण्याची कवायत होते. आत आज दिसतात त्या १९६० च्या दशकातल्या नकला. अजिंठा पाहिलेलं असेल तर ओळख लगेच पटते. पाहिलेलं नसेल तर परत आल्यावर पहिली सहल तिकडेच काढा.

शाकाहारी मंडळींसाठी

अडचण मांसाची कमी, माशाच्या पाण्याची जास्त. सूप, सॉस, नूडल्सचं पाणी, सगळ्यांत सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, अगदी नुसत्या भाजीच्या नावाने आलेल्या वाटीतही. 'मांस नको' एवढ्यावर काम भागत नाही. 'मासा आणि माशाचं सूपही नको' असं जपानीत लिहिलेलं कार्ड मोबाइलमध्ये ठेवा. नारामध्ये सोयीचे पदार्थ आहेत: चागायु, म्हणजे भाजलेल्या चहात शिजवलेली भाताची पेज, मोची, योशिनोच्या कुझू कंदाच्या सत्त्वाच्या पारदर्शक वड्या, तोफू. काळपट नाराझुके लोणचं मद्याच्या चोथ्यात मुरवलेलं असतं, हे वर्ज्य असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मासे खाणाऱ्यांनी काकिनोहा-झुशी सोडू नये: खारवलेला बांगडा भातावर ठेवून पर्सिमनच्या पानात गुंडाळलेला. नाराला समुद्र नाही, म्हणून ही युक्ती. कोकणातल्या माणसाला चव पटकन कळते.

रोख येन जवळ बाळगा. देवळांच्या तिकीट खिडक्यांवर कार्ड चालेलच असं नाही. दर अधूनमधून वाढतात, तेव्हा निघण्याआधी एकदा तपासा. बूट सहज काढता येतील असे घाला, आणि मोज्यांना भोक नाही ना ते बघा. गावात फिरणारी पिवळी बस साधारण अडीचशे येन घेते, पण पार्कभोवतीची अंतरं चालण्याचीच आहेत. सोबत वयस्कर कुणी असेल तर जाताना कासुगापर्यंत बसने जा आणि उताराने परत चाला.

आणि खरोखरच अर्धा दिवसच असेल तर

मग क्योतो किंवा ओसाकाहून पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडा. आठच्या आत नंदाइमोन, नंतर महाबुद्ध, साडेनऊला निगात्सुदोचा सज्जा, उतरताना हरणं, अकराला असुर, साडेअकराला मोची आणि बाराची परतीची गाडी. कासुगा आणि नारामाची सोडून द्या. क्रम उलटा केलात, म्हणजे दहाला येऊन आधी हरणांत रमलात, तर महाबुद्धाच्या दारात शाळांच्या सहलींच्या मागे रांगेत उभे राहाल आणि असुर हमखास राहून जाईल.